पालखी अंगणात, पडदा सहाणेवर

पालखी रेवाळ्यांच्या अंगणात नाचत होती. ढोलाचा दणका एवढा की परसातल्या कोंबड्या केव्हाच गोठ्यात जाऊन बसल्या होत्या. आई ओटीचं ताट घेऊन पायरीवर उभी होती. आणि निशिगंधाच्या हातातल्या पडद्यावर मात्र पालखी अजून सहाणेवरच (देवळाशेजारी पालखी बसवतात त्या चौथऱ्यावर) होती. जागची हलायला तयार नव्हती.

एकाच वेळी दोन ठिकाणी असणं देवीला जमत असेलही. निशिगंधाच्या प्रोग्रामला ते शिकवलेलं नव्हतं.

कोंडशेतच्या माणसाचं एक असतं. तो मुंबईत असो, आखातात असो, की हल्लीच्या रीतीप्रमाणे चंद्रावरच्या खाणीत असो, शिमग्याला पालखी आपल्या दारात कधी येणार हे त्याला कळावंच लागतं. रजा मिळाली नाही तर तो साहेबासमोर गंभीर चेहरा करून बसतो आणि टेबलाखाली पालखी बघतो. अशा सगळ्यांसाठी निशिगंधा रेवाळे आणि तिची मैत्रीण कस्तुरी शिगवण या आठवीतल्या दोघींनी ‘पालखी कुठे?’ नावाची सेवा तयार केली होती. पालखीच्या दांडीला एक छोटं यंत्र बांधायचं. ते आपला ठावठिकाणा दूरच्या एका संगणकाला कळवणार, आणि तो संगणक जगभरच्या कोंडशेतकरांना. शिमग्याआधी दोघींनी कितीदा तरी चाचणी घेतली होती. एकीने यंत्र घेऊन गावभर फिरायचं, दुसरीने पडद्याकडे बघायचं. एकदाही चुकलं नाही.

आणि आज पालखी सहाणेवरून उठली तेव्हापासून सगळं ठप्प. प्रोग्राम तोच. यंत्र तेच. कुणी कशाला हात लावलेला नाही. मग बिघडलं काय?

कोडं पडलं की विचार करायचा असतो असं पुस्तकात म्हणतात. कोंडशेतमध्ये कोडं पडलं की आधी माणूस शोधतात.

“कोणी केलं हे?” धोंडूकाकांनी विचारलं. हे पालखीचे मानकरी. त्यांच्या कानातल्या फोनवर दुबईहून त्यांचा मुलगा ओरडत होता, आणि काका ते ओरडणं जसंच्या तसं पुढे पोचवत होते.

“काका, प्रोग्राम बरोबर आहे,” निशिगंधा म्हणाली.

“मग काय पालखी चुकली?”

माणसं हसली. निशिगंधाच्या कानशिलांत आग पेटली. त्या माणसांच्या मागे तिला एक वेगळीच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे मेघशाळेतली सीट. सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) त्या शाळेतल्या दळवी मॅडम या क्षणी आपल्या पडद्यावर हीच सेवा बघत बसल्या असणार होत्या.

“यंत्र कस्तुरीने बांधलं होतं,” ती म्हणाली.

वाक्य खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता. खोटं बोलायला कधीकधी तेवढं पुरतं.

“मग एक नारळ दंड,” धोंडूकाका म्हणाले. कोंडशेतची ही जुनी पद्धत. बैल दुसऱ्याच्या वाडीत शिरो की पंप जळो, ज्याच्या नावावर चूक लागली त्याने देवीपुढे नारळ ठेवायचा की प्रकरण मिटलं. काय बिघडलं होतं हे विचारायची मग गरज उरत नाही; त्यामुळे तोच पंप पुढच्या वर्षी पुन्हा जळतो.

कस्तुरीचे बाबा पालखीच्या खांद्याला होते. त्यांनी भर नाचात खांदा दुसऱ्याला दिला, घरी जाऊन नारळ आणला आणि मान खाली घालून देवीपुढे ठेवला. कस्तुरीने दांडीचं यंत्र सोडलं आणि निशिगंधाच्या हातात दिलं. त्याचा हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता.

“बघ,” कस्तुरी एवढंच म्हणाली, आणि गेली.

आता या सीटबद्दल सांगायला हवं. मेघशाळेत वर्षभराचा अभ्यासक्रम होता, मेघगणनाचा (दूरवर ठेवलेले संगणक गरजेपुरते वापरायला घेऊन काम करण्याच्या विद्येचा). तिथे व्याख्यानं नव्हती, पाठ्यपुस्तक नव्हतं. पहिल्याच दिवशी हातात काम द्यायचे आणि म्हणायचे, “चालवून दाखवा.” प्रवेशासाठी दोघांच्या जोडीने आपल्या गावाच्या उपयोगाची एक सेवा चालवायची अट होती. निशिगंधाने पाचवीत असताना सड्यावरच्या त्या पांढऱ्या इमारती पहिल्यांदा पाहिल्या होत्या. तेव्हापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

मग तयारी हवी. आणि तयारी म्हटली की आपल्याकडे क्लास. ‘उत्तुंग क्लासेस’ने घरोघरी शिकवायला यंत्रमानव ठेवले होते. रेवाळ्यांच्या ओटीवर येणाऱ्याचं नाव यशवंत. तो चाकांवर यायचा, पायरीपाशी अडायचा, मग दोघांनी उचलून वर घेतलं की म्हणायचा, “यशाची पायरी स्वतः चढावी लागते.”

“प्रश्न पहिला,” यशवंत सांगायचा. “हाताने काम करून शिकण्याचे फायदे कोणते? पाच मुद्दे. पाठ करा.”

“पण सर, हाताने काम कधी करायचं?”

“ते अभ्यासक्रमात नाही. प्रश्न दुसरा. मेघगणनाची आकृती काढा. एक ढग, ढगात एक चौकोन, चौकोनाला एक बाण. आकृतीला दोन गुण.”

निशिगंधाने ती आकृती इतकी घोटली की डोळे मिटून काढायची. शेवटी सेवा बांधायची वेळ आली तेव्हा तिने तीच आकृती बांधली.

तिच्या आईचे वडील, आबा, पुण्याला हवामानाच्या मोठ्या संगणकांवर आयुष्य काढून आता कोंडशेतला राहात होते. त्यांनी एकदा सुचवलं होतं, “माझ्याकडे येऊन बस. आपण आठ दिवस नुसत्या वस्तू मोडू.” हे ऐकून आईने त्यांना दुपारी उन्हात फिरू नका असं बजावलं होतं.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मेघशाळेचा निरोप आला. दळवी मॅडमनी लिहिलं होतं, “सेवा कोसळली. कोसळणारच असते. का कोसळली ते शोधा, दुरुस्त करा आणि त्याचा वृत्तांत लिहा. काजूचा हंगाम संपायच्या आत आम्ही ती पुन्हा बघू, आणि आमच्या हाताने मोडू. टिकली तर सीटचा विचार होईल.”

निशिगंधा यंत्र घेऊन आबांकडे गेली. आबा गोठ्यापाशी बसून वासराची पाठ खाजवत होते.

“कस्तुरी कुठाय?” त्यांनी विचारलं.

“ती… येईल नंतर. सीट पक्की झाली की मीच जाणार आहे तिच्याकडे.”

आबांनी वासराकडे पाहिलं. वासराचंही काही मत दिसेना.

“बरं,” ते म्हणाले. “गावकीची भांडी कुठे असतात गो?”

“देवळामागच्या खोलीत.”

“आपल्या घरी पाचशे माणसांच्या भाताचा टोप का नाही?”

“रोज कोण जेवतं पाचशे माणसं? लग्न असलं की आणायचा, झालं की घासून परत.”

“झालं तर मग, मेघगणन आलं तुला. संगणकांची गावकी आहे ती. हजारो संगणक कुठेतरी एकत्र ठेवलेले. तुला लागतील तेवढे घे, काम झालं की परत दे. तू किती घेतले होतेस?”

“एक.”

“भांड्यांनी भरलेल्या खोलीत जाऊन तू एक वाटी उचलून आणलीस. आणि पाचशे पानं मांडलीस.”

“पण आबा, चाचणीत तर एकदाही—”

“चाचणीला जेवायला कोण होतं?”

“मी आणि कस्तुरी.”

“दोन पोरी चालून गेल्या म्हणून ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून वरात नेत नाहीत. आता वरात सोड. खोटी का होईना.”

खोटी वरात म्हणजे काय, तर निशिगंधाने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो हजारो चाकरमान्यांचं सोंग घेऊन एकसारखं विचारत राहायचा: पालखी कुठे? पालखी कुठे? याला भारचाचणी म्हणतात (खरी गर्दी यायच्या आधी खोटी गर्दी पाठवून पाहणे). पालखी आणायची कुठून, म्हणून यंत्र वासराच्या गळ्यात बांधलं. गर्दी सोडली. वासरू उठलं, डुलत डुलत आबांच्या पावट्यात शिरलं आणि जेवायला लागलं. पडद्यावर वासरू गोठ्यातच होतं.

“हेच!” निशिगंधा ओरडली. “हेच झालं होतं!”

“कशाने झालं? वासराने यंत्र नीट बांधून घेतलं नाही काय?”

निशिगंधाने वासराच्या गळ्याकडे पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. यंत्र आपला ठावठिकाणा कळवत होतं, पुन्हा पुन्हा कळवत होतं. पण पलीकडचा एकुलता एक संगणक विचारणाऱ्यांना उत्तरं देण्यात एवढा बुडाला होता की यंत्राचं ऐकायला त्याला सवडच नव्हती. शेवटचं ऐकलेलं, शिमग्याला ‘सहाण’ आणि आता ‘गोठा’, तेवढं तो पोपटासारखा सांगत होता. उरलेल्यांना तर तेही सांगत नव्हता.

म्हणजे यंत्राचं काही चुकलं नव्हतं. ज्याचं चुकलं तो संगणक निशिगंधाने निवडला होता, आकृतीत एकच चौकोन होता म्हणून.

तिला नारळ आठवला. देवीपुढे वाकलेली कस्तुरीच्या बाबांची पाठ आठवली. तिने वासराच्या गळ्यातलं यंत्र सोडवलं आणि बराच वेळ ते नुसतं पुसत बसली.

“जाऊन येतेस?” आबांनी विचारलं.

“आधी दुरुस्त करते,” ती म्हणाली.

दुरुस्ती कशी झाली ते सांगतो, कारण ते तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी तिने एकाच्या जागी तीन संगणक घेतले आणि त्यांच्या पुढ्यात एक वाटप करणारा ठेवला. लग्नात मांडवाच्या दारात एक जण उभा असतो ना, “तुम्ही या पंगतीला, तुम्ही त्या पंगतीला,” म्हणत? तसाच. याला भारवाटप म्हणतात (येणारं काम अनेक यंत्रांवर सारखं विभागणे). यंत्र पुन्हा वासराच्या गळ्यात बांधलं आणि गर्दी सोडली. आता नवीनच तमाशा. एका पडद्यावर वासरू गोठ्यात, दुसऱ्यावर पावट्यात, तिसऱ्यावर विहिरीपाशी. यंत्राचा निरोप ज्या संगणकाला मिळाला तो त्याने स्वतःपुरता ठेवला. बाकीच्या दोघांना पत्ताच नाही.

“तीन वाढप्यांनी आपापल्या खिशात मीठ ठेवलं तर दुसरं काय होणार?” आबा म्हणाले.

मग मीठ मध्ये ठेवलं. म्हणजे ठावठिकाणा जपण्यासाठी एक वेगळं सामाईक कोठार केलं (तिघांनीही तिथेच बघायचं, स्वतःच्या खिशात नाही). ते कोठार बुडालं तर? म्हणून त्याची एक नक्कल दुसऱ्या शहरात. यंत्राचे निरोप ऐकायला एक निराळा संगणक, ज्याला दुसरं काहीच काम नाही, आणि तो आजारी पडला तर त्याच्या जागी उभा राहायला दुसरा. गर्दी वाढली की आणखी संगणक आपोआप घ्यायचे, ओसरली की परत करायचे. हे परत करायचं निशिगंधा दोनदा विसरली. आबांनी तिला आठवण करून दिली की ते रिकामे संगणक थंड ठेवायला कुठल्यातरी गावचं पाणी जातं, आणि त्या गावालाही तहान असते.

“आता झालं,” ती म्हणाली, आणि जेवायला बसली. तिसऱ्या घासाला सेवा बंद पडली. आबांनी एक संगणक गुपचूप बंद केला होता.

“आबा!”

“मी नाही. वीज गेली समज. उंदराने वायर खाल्ली समज.”

वाटप करणारा त्या मेलेल्या संगणकाकडेही माणसं पाठवत होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग निशिगंधाने त्याला सवय लावली: मधून मधून प्रत्येकाला हाक मारायची, “आहेस काय?” उत्तर आलं नाही की त्याला वगळायचं. याला म्हणतात प्रकृतितपासणी. त्यानंतर आबा काहीही बंद करायचे, तिची आंघोळ चालू असताना, ती खेळत असताना, एकदा तर ती त्यांच्याशी बोलत असताना. आणि वासरू पडद्यावर जिथे होतं तिथेच दिसायचं, म्हणजे पावट्यात.

हाताने शिकायच्या अभ्यासक्रमाची हीच तयारी: आपण बांधलेलं दुसऱ्या कुणी मोडायच्या आत आपणच मोडून बघायचं, आणि मोडलं की कोण चुकलं हे न विचारता काय चुकलं हे विचारायचं. पाच मुद्द्यांत ते बसत नाही.

यशवंतला मात्र बसवता येत होतं. तो एके दिवशी ओटीवर चढवला गेला तेव्हा म्हणाला, “नवीन प्रश्न. कुमारी निशिगंधा रेवाळे यांची सेवा का कोसळली? कारणे लिहा, चार गुण. सगळ्या शाखांना पाठ करायला दिला आहे.”

“आणि उत्तर काय दिलंय?”

“यंत्र नीट बांधले नव्हते.”

“ते खोटं आहे, सर.”

“आदर्श उत्तर आहे. वृत्तांतातही हेच लिहावे. दोष सहकाऱ्याचा असल्यास परीक्षकाला सहानुभूती वाटते.”

निशिगंधाने आईला हाक मारली आणि दोघींनी मिळून यशवंतला पायरीखाली ठेवलं. पुन्हा वर घेतला नाही. वृत्तांतात तिने लिहिलं, “सगळा भार एकाच संगणकावर टाकला होता. तो मी टाकला होता. तो कोसळल्यावर दोष मी कस्तुरीवर टाकला. यंत्र पहिल्यापासून चालू होतं.”

परीक्षेच्या दिवशी दळवी मॅडम पडद्यावर आल्या. पिकलेले केस, डोळ्यांत मुळीच घाई नाही. त्यांनी नमस्कारही पुरता न करता एक संगणक बंद केला. सेवा चालू. दुसरा बंद केला. सेवा चालू. मग कोठारच उडवलं. पडदा क्षणभर थबकला, दुसऱ्या शहरातली नक्कल पुढे आली, आणि वासरू पुन्हा दिसू लागलं. खोट्या गर्दीचा लोंढा आला, संगणक वाढले, लोंढा ओसरला, संगणक परत गेले. आबांनी दाराआडून मिशीवरून बोट फिरवलं.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “उत्तम. आता एकच बंद करायचं राहिलं. समज, उद्या तू आजारी पडलीस. ही सेवा कोण चालवेल?”

निशिगंधाने दाराआडच्या आबांकडे पाहिलं.

“कस्तुरीला यातलं काय काय माहीत आहे?”

“काही नाही, मॅडम. ती… मी बोलावलं नाही तिला.”

“तुझा वृत्तांत मी वाचला. इतका खरा वृत्तांत या वर्षी दुसरा आला नाही. तो तिने वाचलाय?”

निशिगंधाने नकारार्थी मान हलवली.

“म्हणजे तिच्यावर दोष टाकलास गावासमोर, आणि काढून घेतलास माझ्यापुढे,” मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “निशिगंधा, एका संगणकावर टेकलेली सेवा आम्ही घेत नाही. एकाच माणसावर टेकलेलीही नाही. या वर्षीची सीट मी देऊ शकत नाही. पुढच्या वर्षी जोडी आली तर बघू.”

पडदा विझला. आबा आत आले. ते काही गंमत करतील म्हणून ती थांबली. त्यांनी नाही केली.

संध्याकाळपर्यंत तालुक्याला ‘उत्तुंग’चा फलक लागला. मेघशाळेत निवड झालेल्या दुसऱ्याच एका जोडीचे फोटो, खाली ‘आमच्या मार्गदर्शनाचे फळ’. निशिगंधाच्या कानावर ते लगेच आलं. गावात वाईट बातमी पसरवायला एकही संगणक लागत नाही.

ती आधी धोंडूकाकांकडे गेली. काका पंचायतीपुढच्या कट्ट्यावर चार जणांत बसले होते. ते बरंच झालं. तिने चौघांना ऐकू जाईल असं सांगितलं, “काका, शिमग्याला चूक माझी होती. कस्तुरीचं यंत्र चालू होतं.”

“मग आता नारळ तू ठेव,” काका म्हणाले. पद्धत ती पद्धत.

“ठेवते. पण नारळाने ते दुरुस्त झालं नाही, काका. काय चुकलं होतं ते बसून ऐकाल काय?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. असं कुणी कधी विचारलं नव्हतं. “बघू,” धोंडूकाका म्हणाले. कोंडशेतच्या इतिहासात हा मोठा बदल होता, पण तेव्हा तो कुणाच्या लक्षात आला नाही.

मग ती शिगवणांच्या घरी गेली. कस्तुरी मागच्या पडवीत ओले काजू फोडत बसली होती. ओल्या काजूच्या सालीत चीक असतो. तो हाताला लागला की कातडी भाजते, सोलून निघते. म्हणून तिने जुने रबरी मोजे घातले होते.

“सीटसाठी आलीस?” कस्तुरीने वर न बघता विचारलं.

“सीट गेली.”

“मग कशाला आलीस?”

निशिगंधाने सांगितलं. वासरू, खोटी गर्दी, एकच चौकोन, वाटप करणारा, कट्ट्यावरचे चार जण. सगळं सांगून झाल्यावर माफीचे शब्द उरले होते. ते तिने शेवटी ठेवले होते. तेही ती म्हणाली.

कस्तुरी काजू फोडत राहिली. मग म्हणाली, “बाबा अजून खांदा द्यायला नको म्हणतायत. पुढच्या शिमग्यालाही नको म्हणाले.”

निशिगंधाने घराच्या आतल्या दाराकडे पाहिलं.

“त्या वाटप करणाऱ्याचं सांग परत,” कस्तुरी म्हणाली. “तो स्वतःच मेला तर? त्याला कोण हाक मारतं?”

निशिगंधा चमकली. हे तिला सुचलं नव्हतं. आबांनाही नाही, मॅडमनाही नाही.

“कोणीच नाही,” ती म्हणाली.

“मग झाली काय तुमची दुरुस्ती?” कस्तुरीने एका हातातला मोजा ओढून काढला आणि तिच्या अंगावर फेकला. “बस. हे संपवू आधी. आणि हसू नको. मी अजून रागावलेली आहे.”

“माहीत आहे,” निशिगंधा म्हणाली. तिने मोजा चढवला आणि सुपातला काजू उचलला. दोघींचा एकेक हात उघडाच होता, आणि तो थोडा थोडा भाजत राहिला.